पसंतीक्रमाची मतमोजणी आणि संभाव्यतेची मॉडेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सांख्यिकी शिकणाऱ्या मुलांकडून, दोन-तीन वकिलांकडून आणि गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्नांना लांब उत्तर लागते, काहींना दोन ओळी पुरतात. गणित बारावीपर्यंतचे येत असेल तर भागेल.

पसंतीक्रमाचे मतदान आपल्याकडे होते तरी कुठे?

नागपूर विभागातल्या पदवीधराला हा प्रश्न पडू नये, पण पडतो. विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात मतपत्रिका कागदी असते, आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात आणि ईव्हीएमचा संबंध नसतो. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणी कोटा गाठला नाही, तर तळाच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. एकच जागा असल्यामुळे कोटा म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त. राष्ट्रपतींची निवडणूकही याच घाटाची.

मग मोजायच्या "पद्धती" अनेक कशा? मते तर तीच असतात.

मते तीच, निकाल वेगळे. हे पटायला एक उदाहरण पुरते. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर पश्चिमेकडून पूर्वेकडे शंकरनगर चौक, मग सीताबर्डी, मग वैष्णोदेवी चौक. याच मार्गालगत राहणाऱ्या १०० जणांच्या वाचक मंडळाला दरमहा भेटायची जागा ठरवायची आहे आणि प्रत्येकाला आपल्या घराजवळचे स्टेशन हवे आहे असे समजा.

४० जण: शंकरनगर, मग सीताबर्डी, मग वैष्णोदेवी.
३५ जण: वैष्णोदेवी, मग सीताबर्डी, मग शंकरनगर.
१७ जण: सीताबर्डी, मग वैष्णोदेवी, मग शंकरनगर.
८ जण: सीताबर्डी, मग शंकरनगर, मग वैष्णोदेवी.

नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ज्याला पहिली पसंती जास्त तो जिंकला, शंकरनगर ४० मतांनी जिंकते. पदवीधर मतदारसंघाच्या पद्धतीने २५ मतांची सीताबर्डी आधी बाद होते, तिची १७ मते वैष्णोदेवीकडे आणि ८ शंकरनगरकडे जातात, आणि वैष्णोदेवी चौक ५२ विरुद्ध ४८ असा जिंकतो. आता समोरासमोर लढत लावून पाहा. सीताबर्डी विरुद्ध शंकरनगर ६०-४०. सीताबर्डी विरुद्ध वैष्णोदेवी ६५-३५. दोन्हीकडे बर्डीच. बोर्दाच्या गुणांनी (पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०) बर्डीला १२५, शंकरनगरला ८८, वैष्णोदेवीला ८७.

शंभर मतपत्रिका त्याच, पण तीन ठिकाणे तीन पद्धतींनी जिंकली. आणि हे कागदावरचे खेळ नाहीत. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहराच्या २००९ च्या महापौर निवडणुकीत हेच चित्र होते: पहिल्या पसंतीत राइट पुढे, बाद फेऱ्यांनंतर किस विजयी, आणि समोरासमोर दोघांनाही हरवू शकणारा माँट्रोल तिसरा होऊन आधीच बाहेर. पुढच्याच वर्षी तिथल्या मतदारांनी ती पद्धत रद्द केली. अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत पेल्टोला जिंकल्या. बेगिच पेल्टोला आणि पेलिन दोघींनाही समोरासमोर हरवत होते, पण सर्वांत आधी बाद झाले ते तेच.

"समोरासमोर सगळ्यांना हरवणारा" याला काही नाव आहे का? आणि तो नेहमी असतो का?

त्याला कॉन्डॉर्से विजेता म्हणतात. १७८५ मध्ये हा विचार मांडणाऱ्या फ्रेंच गणितीच्या नावावरून. तो नेहमी असतोच असे नाही. रविवारच्या नाश्त्याला तिघे जमले आहेत. एकाचा क्रम तर्री-पोहे, सांबारवडी, साबुदाणा उसळ. दुसऱ्याचा सांबारवडी, उसळ, पोहे. तिसऱ्याचा उसळ, पोहे, सांबारवडी. पोहे सांबारवडीला दोन विरुद्ध एक हरवतात, सांबारवडी उसळीला, आणि उसळ पोह्यांना. चक्र पूर्ण. याला कॉन्डॉर्सेचा विरोधाभास म्हणतात, आणि त्याची शक्यता किती हा या क्षेत्रातला पहिला मोठा प्रश्न होता.

तर किती आहे ती शक्यता?

इथेच मॉडेल लागते. "मतदार कुठून आले" हे ठरवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

सर्वांत जुने आणि सर्वांत वापरलेले मॉडेल म्हणजे इम्पार्शल कल्चर, ज्याला सगळे आयसी म्हणतात. प्रत्येक मतदार दुसऱ्याकडे न बघता, सगळ्या क्रमांपैकी कोणताही क्रम सारख्याच संभाव्यतेने उचलतो. तीन उमेदवार म्हणजे सहा क्रम. तीन मतदार म्हणजे ६ × ६ × ६ = २१६ प्रसंग. यांपैकी चक्र कितींत? चक्र दोनच प्रकारचे, एक इकडून फिरणारे, एक तिकडून. प्रत्येकात तीन वेगवेगळे क्रम तीन मतदारांत सहा प्रकारे वाटता येतात. म्हणजे १२ प्रसंग, १२/२१६, साधारण ५.५६ टक्के. मतदार पाच केले तर ६.९४, सात केले तर ७.५०. मतदार अमर्याद वाढवले की आकडा ८.७७ टक्क्यांवर स्थिरावतो. हे उत्तर १९५२ मध्ये गिल्बो यांनी दिले. उमेदवार वाढले की शक्यता वाढते: चार उमेदवारांना १७.५५ टक्के, पाचांना २५.१३. उमेदवार वाढवत गेल्यास ती १ कडे, म्हणजे १०० टक्क्यांकडे जाते.

वर्गात हा आकडा सांगितला की मुलांचे डोळे मोठे होतात. मोठे होऊ द्यावेत, पण लगेच पुढचा प्रश्न वाचायला लावावा.

सर, सगळे क्रम सारखेच शक्य मानणे हाच सर्वांत निःपक्षपाती मार्ग नाही का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे.

स्टीलच्या डब्यात सहा चिठ्ठ्या घ्या, प्रत्येकीवर एक क्रम. चिठ्ठी काढा, लिहून घ्या, परत टाका, हलवा, पुन्हा काढा. हे आयसी. आता एक छोटा बदल: काढलेली चिठ्ठी परत टाकताना तसाच क्रम लिहिलेली आणखी एक चिठ्ठी सोबत टाका. पहिल्या मतदाराने जो क्रम दिला तो दुसऱ्याच्या वेळी थोडा जास्त संभवतो. हे झाले इम्पार्शल अ‍ॅनॉनिमस कल्चर, म्हणजे आयएसी, आणि त्याचे श्रेय बहुधा गेर्लाइन आणि फिशबर्न यांच्या १९७६ च्या कामाला देतात. त्याची दुसरी व्याख्या अशी: कोणत्या मतदाराने काय दिले हे विसरा, प्रत्येक क्रमाला किती मते पडली एवढीच बेरीज बघा, आणि अशा सगळ्या बेरजा सारख्या शक्य माना. तीन मतदारांना अशा बेरजा ५६ असतात.

५६ पैकी चक्राच्या बेरजा किती? दोन. म्हणजे ३.५७ टक्के. आयसीने ५.५६ दिले होते. तिघांचे एकमत होण्याची शक्यता बघा: आयसीत ६/२१६, म्हणजे २.८ टक्के, आयएसीत ६/५६, म्हणजे १०.७ टक्के. "काहीच माहीत नाही, म्हणून सगळे सारखे" हे दोन्ही मॉडेल्स म्हणतात. फरक एवढाच की काय सारखे धरायचे. मतदार अमर्याद असताना आयएसीत चक्राची शक्यता बरोबर १/१६, म्हणजे ६.२५ टक्के.

आयसीचा खरा स्वभाव मतदार वाढल्यावर दिसतो. दहा लाख मतदारांचे आयसी म्हणजे प्रत्येक जोडीची लढत जवळजवळ ५०-५०. अशी निवडणूक कोणी पाहिली आहे? त्सेतलिन, रेगेनवेटर आणि ग्रोफमन यांनी २००३ मध्ये दाखवले की तीन उमेदवार आणि अमर्याद मतदार असताना, मूळ लोकसंख्येचे बहुमतच चक्राकार नसेल, तर आयसीपासून कुठल्याही दिशेने थोडे हललात की चक्राची शक्यता घटते. म्हणजे आयसी मध्यावर उभे नाही, ते एका टोकाला आहे.

मॉडेल बदलले की पद्धतींची तुलनाही बदलते का, की फक्त आकडे थोडे इकडे-तिकडे होतात?

बदलते, आणि कधी कधी पार उलटते.

तुलनेसाठी बरेचदा कॉन्डॉर्से कार्यक्षमता वापरतात: कॉन्डॉर्से विजेता अस्तित्वात आहे असे धरून, अमुक पद्धत त्यालाच निवडेल याची संभाव्यता. तीन उमेदवार, अमर्याद मतदार. दोन पद्धती घ्या. एक नेहमीची, पहिल्या पसंतीची. दुसरी तिची उलट: ज्याला सर्वांत कमी लोकांनी शेवटी टाकले तो विजयी. आयसीत दोन्हींची कार्यक्षमता अगदी सारखी, ७५.७२ टक्के. आयएसीत पहिल्या पसंतीची पद्धत ११९/१३५ वर, म्हणजे ८८.१५ टक्क्यांवर चढते आणि उलटी पद्धत १७/२७ वर, म्हणजे ६२.९६ वर घसरते. आयसी वाचून तुम्ही म्हणाल "दोन्ही सारख्याच". आयएसी वाचून म्हणाल "पंचवीस टक्क्यांचा फरक आहे हो".

बोर्दा मात्र दोन्हीकडे तग धरून राहते: आयसीत ९०.१२, आयएसीत ९१.११ टक्के. पदवीधर मतदारसंघाची बाद फेऱ्यांची पद्धत तीन उमेदवारांना आयएसीत ९६.८५ टक्के देते.

कोणी "ही पद्धत ९७ टक्के वेळा बरोबर उत्तर देते" असे सांगितले, तर माझा पहिला प्रश्न पद्धतीबद्दल नसतोच. मतदार कोणत्या डब्यातून काढले, हे विचारतो. त्याचे उत्तर नसेल तर ९७ या आकड्याला अर्थ नाही.

बाद फेऱ्यांची पद्धत ९६.८५ टक्के, मग वर बर्डीचे काय झाले?

उरलेल्या ३.१५ टक्क्यांत गेली, असे गमतीने म्हणता येईल. पण खरे कारण वेगळे आहे. आयएसीत उमेदवारांना जागा नसते. बर्डी मध्ये आहे, हे त्या मॉडेलला ठाऊकच नाही. ज्या मॉडेलमध्ये जागा असते त्याला अवकाशीय मॉडेल म्हणतात: मतदार आणि उमेदवार एका रेषेवर किंवा प्रतलावर ठेवायचे, आणि प्रत्येकाने जवळच्याला वरचा क्रम द्यायचा. रेषेवरचा विचार हॉटेलिंग (१९२९), डंकन ब्लॅक (१९४८) आणि डाउन्स (१९५७) यांच्याकडून आला. रेषेवर चक्र होतच नाही, आणि मधल्या मतदाराला जो सर्वांत जवळचा तो कॉन्डॉर्से विजेता ठरतो, हे ब्लॅक यांनी दाखवले.

मेरिल यांनी १९८० च्या दशकात मतदार आणि उमेदवार नॉर्मल वितरणातून काढून संगणकावर पद्धतींची तुलना केली. त्यातून एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट निघाली: उमेदवार मतदारांपेक्षा कमी विखुरलेले असतील, म्हणजे सगळे मध्याजवळ दाटलेले असतील, तर पहिल्या पसंतीची पद्धत फार वाईट ठरते, कारण मधल्याची मते दोन्ही बाजूंनी खाल्ली जातात. बाद फेऱ्यांनाही याचा फटका बसतो, पण कमी. बोर्दा आणि समोरासमोरच्या पद्धती या गर्दीत बऱ्या टिकतात.

प्रत्यक्ष मतपत्रिकांशी मॉडेल्स जुळवून पाहणाऱ्या टाइडमन आणि प्लासमन यांनाही अवकाशीय मॉडेल आयसी-आयएसीपेक्षा बरेच जवळ जाणारे आढळले. एकच मॉडेल निवडायचे झाले तर मी हेच निवडेन. तरीही परिमाणे किती, उमेदवारांचा विस्तार किती, हे पुन्हा तुम्हीच ठरवता.

मॅलोज आणि प्लॅकेट-लूस ही नावे ऐकली आहेत. ती वापरू का?

वापरा, पण जपून. मॅलोज मॉडेलमध्ये (१९५७) एक मध्यवर्ती क्रम असतो आणि त्यापासून जितक्या जोड्या उलट्या, तितकी त्या क्रमाची संभाव्यता कमी. प्रत्येक उलट्या जोडीला ०.५ ने गुणले, तर तीन उमेदवारांत मध्यवर्ती क्रमाची संभाव्यता १/२.६२५, म्हणजे ३८ टक्के, आणि पूर्ण उलट्या क्रमाची जेमतेम ४.८ टक्के. गुणक १ केला की आयसी परत मिळते. प्लॅकेट-लूसमध्ये प्रत्येक उमेदवाराला एक वजन असते आणि क्रम वरून खाली वजनाच्या प्रमाणात भरत जातात.

अडचण अशी की मतदार भरपूर असतील, तर या दोन्हींत सगळ्या समंजस पद्धती एकाच उमेदवाराला निवडतात. जिथे सगळ्यांचे उत्तर एकच, तिथे तुलना कसली करणार? थोड्या मतदारांसाठी, म्हणजे परीक्षक मंडळ किंवा निवड समितीसाठी, ती उपयोगी. मोठ्या निवडणुकीसाठी दोन-तीन मध्यवर्ती क्रमांचे मिश्रण करावे लागते.

आयएसी आठ उमेदवारांना चालवले, उत्तर आयसीसारखेच आले. माझा कोड चुकला का?

बहुतेक नाही. आठ उमेदवारांचे क्रम ४०,३२० होतात. डब्यात एवढ्या चिठ्ठ्या असताना एखादी जास्तीची टाकून पाचशे मतदारांवर काय परिणाम होणार? मतदारांपेक्षा क्रम कितीतरी जास्त असले की आयएसी आयसीत विरघळते. उपाय म्हणजे एकाऐवजी क्रमांच्या संख्येच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकणे. हे पोल्या-एगेनबर्गर कलश मॉडेल. शून्य चिठ्ठ्या टाकल्या की आयसी, एक टाकली की आयएसी.

सिम्युलेशन किती वेळा चालवावे?

चक्राची शक्यता ८.७७ टक्क्यांच्या आसपास असताना दहा हजार वेळा चालवले तर प्रमाणित त्रुटी ०.२८ टक्के येते. म्हणजे ८.२ पासून ९.३ पर्यंत काहीही दिसले तरी नवल नाही. दुसरा दशांश हवा असेल तर दहा लाखांच्या पुढे जा. दोन पद्धतींतला फरक हवा असेल तर दोन्हींना त्याच मतपत्रिका द्या. वेगवेगळ्या देऊ नका, नाहीतर फरकापेक्षा गोंगाट मोठा होतो. आणि मतदारांची संख्या विषम ठेवा, समोरासमोरच्या बरोबरीची कटकट वाचते.

अ‍ॅरोने १९५१ मध्ये सगळ्या पद्धती सदोष ठरवल्या ना? मग हा खटाटोप कशाला?

अ‍ॅरोच्या प्रमेयाने दोष *कधीतरी* येणारच एवढे सांगितले. किती वेळा येतो हे सांगितले नाही. हजारात एकदा येणारा दोष आणि दहात एकदा येणारा दोष यांत निवडणूक अधिकाऱ्याला फरक पडतो.

लोक खरी पसंती लिहितच नाहीत, त्याचे काय?

योग्य आक्षेप. गिबार्ड (१९७३) आणि सॅटर्थवेट (१९७५) यांनी सिद्ध केले आहे की तीन किंवा अधिक उमेदवार जिंकू शकत असतील, तर हुकूमशाही वगळता प्रत्येक निश्चित पद्धतीत कोणाला ना कोणाला कधी ना कधी खोटा क्रम देऊन फायदा होतो. वरचे सगळे आकडे मतदार प्रामाणिक आहेत असे धरून आहेत. बोर्दाचे ९० टक्के याच अटीवर. प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाशी टाकणे त्यात फार सोपे आहे आणि आपल्याकडे ही कला शिकवावी लागत नाही.

१९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीचे आकडे घालून मॉडेल तपासता येईल का?

हा एका वकील वाचकाचा प्रश्न, आणि चांगला आहे. पहिल्या पसंतीची मते, मूल्यासह (या निवडणुकीत प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरावीक मूल्य असते): गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९. बाद फेऱ्या संपल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे रेड्डींना पुढच्या पसंतीतून ९१,८७९ मिळाले आणि गिरींना फक्त १८,५६२. तेवढ्यावर कोटा ओलांडला गेला.

पण या आकड्यांतून देशमुख विरुद्ध गिरी अशी लढत काय ठरली असती ते कळत नाही. बाद फेऱ्यांच्या मोजणीत बाद झालेल्याचीच पुढची पसंती उघडली जाते. गिरी आणि रेड्डी यांच्या मतपत्रिकांवर दुसरा क्रमांक कोणाचा होता, हे कोणी मोजतच नाही. म्हणून कॉन्डॉर्से विजेता कोण होता हे या बेरजांवरून सांगता येणार नाही.

आणखी एक बारकावा. एकूण वैध मूल्य ८,३६,३३७. शेवटच्या दोघांची बेरीज ८,२५,५०४. मधले १०,८३३ कुठे गेले? त्या मतपत्रिकांवर पुढे कामाला येईल अशी पसंतीच नव्हती. दुसरी पसंती देणे ऐच्छिक असते, पदवीधर मतदारसंघातही. "फक्त १ लिहा, बाकी काही लिहू नका" असा प्रचार नागपुरातल्या कार्यकर्त्यांना नवा नाही. वरच्या सगळ्या मॉडेल्समध्ये मात्र प्रत्येक मतदार पूर्ण क्रम लिहितो. आपल्याकडच्या निवडणुकीसाठी सिम्युलेशन करताना अर्धवट क्रम घातले नाहीत, तर बाद फेऱ्यांची पद्धत आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

मग खऱ्या मतपत्रिकांची विदा कुठे मिळेल?

प्रेफलिब या खुल्या संग्रहात. मॅटेई आणि वॉल्श यांनी २०१३ मध्ये तो सुरू केला. त्यात आयर्लंडच्या २००२ च्या निवडणुकीतल्या डब्लिन नॉर्थ, डब्लिन वेस्ट आणि मीथ या मतदारसंघांच्या मतपत्रिका आहेत, अर्धवट क्रमांसकट. तिथून सुरुवात करा: आधी कोणत्या लांबीपर्यंत किती लोकांनी क्रम लिहिला याचा तक्ता काढा, मग तेवढ्याच लांबीचे क्रम अवकाशीय मॉडेलमधून तयार करा, आणि मगच पद्धती एकमेकींसमोर लावा.